चार बोटं पाणी

९ मार्च, रविवार

हौद गळतोय. आता शंका नाही. मोजलं!

शुक्रवारी नळ आला होता, तीन तास. हौद काठोकाठ भरला, झाकण मीच लावलं. काल सकाळी कॉलेजातली लाकडी मीटरपट्टी आत सोडून खूण केली. आज परत सोडली. आम्ही दोघं माणसं, उपसून उपसून किती उपसणार? वापरलेलं वजा केलं तरी चार बोटं कमी. रोज चार बोटं पाणी कुठंतरी चाललंय. हौद तसा उथळ, कमरेइतका. पुढचा नळ आठव्या दिवशी. म्हणजे सहाव्या दिवशी तळ!

या वहीची पुढची पानं डॉक्टर मॅडमची आहेत. प्रेरणाच्या, माझ्या बायकोच्या, किडन्या निकामी, डायलिसिस घरीच, पोटातून. तिच्या पोटात किती औषधी पाणी घातलं, किती निघालं, वजन, बीपी. मागची पानं कोरी होती. तिथं आजपासून मी लिहितो. कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि प्रेरणाला सगळंच सांगता येत नाही.

११ मार्च

काकासाहेबांना फोन केला. घरमालक. राहतात पाचोडला, मोसंबीची बाग आहे त्यांची. माणूस गोड बोलतो. "सर, गवंडी पाठवतो की. एवढी मोसंबीची तोड होऊ द्या." मी सर नाही, ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुतो, बाटल्या लावतो. दहादा सांगून झालं. तरी सर.

म्हटलं, काकासाहेब, घरात पेशंट आहे, पाण्याशिवाय आमचं चालतच नाही. मग म्हणाले, "व्हय व्हय. माहितीये मला. बघतो."

१२ मार्च

गवंडी नाही.

१६ मार्च, रविवार

पाचोडच्या एसटीनं गोणी आली! स्टँडवर या असा निरोप होता, गवंडी असेल म्हणून मी धावलो, तर मोसंबीची गोणी. कंडक्टर म्हणाला, काकासाहेबांनी दिलीय, सरांना द्या.

प्रेरणा हसून हसून दमली. तिला मोसंबी चालत नाही, रक्तातलं पोटॅशियम वाढतं. "हौद भरून टाका मोसंबीनं," म्हणाली. डिसेंबरपासून ती अशी हसली नव्हती. त्यासाठी काकासाहेबांचे आभारच.

गोणी शेजारी दिली. नूरमोहम्मदभाई आणि बिल्किस आपा. त्यांचं घर आमच्या पाठीला पाठ लावून आहे, मधली भिंत एकच. नूरभाई कूलरच्या मोटारी दुरुस्त करतात, घर स्वतःचं. रोजे चालू आहेत. आपा अंगणात शेगडीवर भजी तळत होत्या. अंगणातच करतात सगळा स्वयंपाक, हवा चांगली लागते म्हणे. म्हणाल्या, "भाईसाब, तुमच्या नळाला काय झालं? तुम्ही कोपऱ्यावरून घागरी आणताना दिसता." मी म्हटलं, काही नाही, थोडी गळती आहे. "मग आमचा बोअर आहे ना! पाइप टाकते मी भिंतीवरून." मी नको म्हटलं. उगाच कुणाच्या उपकारात कशाला? आज एक घेतलं की उद्या दुसरं.

"कायकू शरमाते?" म्हणाल्या. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून निघालो.

२० मार्च

हौद कोरडा पडला होता, म्हणून मीच आत उतरलो. झाकण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फरशीत. माणूस कसाबसा जातो. प्रेरणा वरून बॅटरी धरून. "अहो, जपून. अहो, दिसतंय का? अहो, अडकाल!" नूरभाई आवाज ऐकून आले, त्यांनी तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं.

त्यांच्या बाजूची भिंत आणि तळ यांच्या सांध्यात बोटभर भेग. लांब. हात फिरवला तर आत सरकतो. पांढरं सिमेंट आणि केमिकल भरलं. नूरभाईंना म्हटलं, सापडली बघा! ते भेगेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा किया. निकलो बाहर, दम घुटेगा."

वर आलो तर मी पांढराफटक. प्रेरणा म्हणाली, भूत झालात. अंघोळीला मात्र पाणी नव्हतं!

२२ मार्च

नळ आला. हौद भरला. संध्याकाळी पट्टी सोडली. आता चार नाही, वीतभर! माझ्या सिमेंटनं काय केलं देव जाणे. भेग आणखी उघडली असणार.

काकासाहेबांना फोन. "सर, लग्नसराई आहे, एक गवंडी मोकळा नाही. पाडवा होऊ द्या." पहिल्यांदा माझा आवाज चढला. ते ऐकून घेत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी सहाची पिशवी गढूळ निघाली.

आम्हाला दवाखान्यात शिकवलंय, पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि अक्षरं वाचायची. वाचता आली तर ठीक. रोज वाचतो. सवयच झालीय, प्रेरणा म्हणते तुमचा पेपर. आज ठेवली आणि मथळासुद्धा दिसेना. ताकासारखं. ती पोट धरून बसली होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "वाचता येत नाही ना?"

दोन मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे, मगच नळीला हात लावायचा. दिवसातून चार वेळा. वाहत्या पाण्याखाली! हौद कोरडा होता तेव्हा, गुरुवार-शुक्रवार, आम्ही तांब्यानं धुतले. तिनं तिचे, मी माझे. एकाच तांब्यात.

रिक्षा नूरभाईंनी आणली. आपांनी प्रेरणाला हाताला धरून बसवलं. दोघांचे रोजे.

२७ मार्च, दवाखान्यातून

इन्फेक्शन आहे, पण लवकर आलात, म्हणाल्या डॉक्टर मॅडम. पिशवीतूनच औषध सोडतायत. आजची पिशवी थोडी निवळ. मोठी अक्षरं दिसली.

मॅडमनी विचारलं, हात कसे धुता? मी खरं सांगितलं. रागावल्या नाहीत, फक्त पेन खाली ठेवला. "सोमनाथभाऊ, पाण्यासाठी कुणापुढं हात पसरायला लागला तरी पसरा. परत असं झालं तर हे घरचं डायलिसिस बंद करावं लागेल. मग आठवड्यातून तीन दिवस मशीनवर." प्रेरणाला मशीनची किती भीती आहे, मला माहिती आहे. डिसेंबरात तिचं बीपी मशीनवरच पडलं होतं, ती गेलीच असं मला वाटलं होतं.

मला पाइप नको होता म्हणे. उपकार नको होते म्हणे! माझ्या ताठ्याची किंमत ती खाटेवर पडून देतेय.

२८ मार्च

लहान अक्षरं वाचली. जाहिरातसुद्धा वाचली. मोठ्यानं. शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

३० मार्च, पाडवा

घरी आलो! दार उघडलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवा पाइप आत आलेला. त्याला पुढं तोटी बसवलेली, तोटीखाली छोटं स्टीलचं बेसिन, बेसिनची नळी थेट मोरीत. कोपरानं उघडता येईल अशी लांब दांड्याची तोटी, ऑपरेशन थिएटरात असते तशी. नूरभाईंनी कुठून आणली विचारलं तर म्हणाले, "भंगार में मिली." खोटं. नवीकोरी आहे.

चावी आमची त्यांच्याकडंच असते. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी परत नको म्हणेन म्हणून मी नसतानाच केलं.

प्रेरणानं कोपरानं तोटी उघडली. पाणी आलं. दोन मिनिटं घड्याळ लावून हात धुतले तिनं, मग तिसरं मिनिटसुद्धा. मी गुढी उभी करायला अंगणात गेलो आणि तिथंच बराच वेळ थांबलो. कळकाला दोरी बांधता येईना.

३१ मार्च

ईद. आपांनी शीरखुर्मा पाठवला. प्रेरणाला दोन चमचे, मॅडमच्या हिशेबानं. बाकी सगळा मी!

९ एप्रिल

दहा दिवस झाले. पिशवी रोज निवळ. पेपर वाचतोय.

सकाळी सहाला बरोबर त्यांची मोटार सुरू होते. दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला, रात्री दहाला पण. आपांनी आमच्या वेळा पाठ केल्यात. दुपारी मी कॉलेजात असतो, प्रेरणा एकटी करते. आपा भिंतीपलीकडून ओरडून विचारतात, "भाभी, पानी आया क्या?" प्रेरणा म्हणते, "आलं आलं!" त्याशिवाय मोटार बंद करत नाहीत. एवढ्या दोन शब्दांसाठी ती बाराची वाट बघते असं मला वाटायला लागलंय. आम्हाला मूलबाळ नाही, नातेवाईक लांब. डिसेंबरपासून ती दिवसभर माझ्याशीच बोलायची, ते पण मी असलो तर.

काकासाहेबांना आज पाचवा फोन. "अक्षय तृतीया होऊ द्या सर." आणि दुसरी गोणी आली. मी गोणीला लाथ मारली. मग मोसंबी गोळा करत बसलो, रस्त्यापर्यंत गेली होती.

१९ एप्रिल, शनिवार

आता पुरावाच देतो. काकासाहेब म्हणतात, "गळती नळाच्या जोडाला असंल." म्हटलं, दाखवूनच देऊ. हौदात आता प्यायचं पाणी नाहीच, तळाशी दोन विती आहे. प्रयोगशाळेतलं रसायन टाकायचं नाही, ते पाप नको. किराणा दुकानातून जिलेबीचा केशरी रंग आणला, पाच पुड्या. विरघळवून ओतला. आता रंग कुठून बाहेर येतो ते बघायचं. गल्लीतल्या गटारीत येईल बहुतेक. फोटो काढून पाठवतो.

प्रेरणा म्हणाली, शेवटी एकदाचा सर झालात. प्रयोग करायला लागलात!

२० एप्रिल, रविवार

गटारीत काही नाही. अंगणात काही नाही.

दुपारी प्रेरणानं डबा दिला, आपांचा परत करायला. आपा अंगणात पोळ्या लाटत होत्या, हात पिठाचे. गजाला, त्यांची मुलगी, घरी नव्हती. म्हणाल्या, "अंदर रख दो ओट्यावर, भाईसाब."

त्यांच्या स्वयंपाकघरात मी याआधी कधी गेलो नव्हतो. आत पाय टाकला आणि वास आला, कुबट. ओटा रिकामा. गॅस नाही, डबे नाहीत, काहीच नाही. आमच्या बाजूच्या भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत गळून पडलेला, विटा उघड्या, विटांवर काळी बुरशी. आणि खाली, फरशीच्या सांध्याजवळ, केशरी ओघळ. ओला. ताजा. माझा रंग!

अंगणात हवा चांगली लागते म्हणून नव्हत्या करत त्या स्वयंपाक अंगणात.

डबा हातातच राहिला, फोटो मात्र काढला. बाहेर आलो. म्हटलं, आपा, ती भिंत...

"अरे वो? बारिश का है. पुरानी दीवार."

"आपा, एप्रिलात कुठला पाऊस?"

पोळी उलटली त्यांनी. हसल्या. "पिछले साल का." आणि मग, "भाभी को मत बोलना हां. टेन्शन घेतील."

आमचं पाणी त्यांची भिंत खातंय, आणि त्याच भिंतीवरून त्या आम्हाला पाणी देतायत. रोज. चार-चार वेळा मोटार लावून. आणि मी त्यांना मोसंबी नेऊन देत होतो, मोठा दिलदार!

२१ एप्रिल

प्रेरणाला सांगितलं. लपवणार तरी कसं? ती बराच वेळ तोटीकडं बघत बसली. मग म्हणाली, "पाचोडला जा. फोन बास."

२७ एप्रिल, रविवार

पाचोडला गेलो. ऊन असं की एसटीचा दांडा धरवेना. काकासाहेब बागेत होते, झाडाखाली बाज टाकून. सत्तरीचा माणूस, डोक्यावर टोपी, पायाला गुडघ्यापर्यंत माती. "या सर, पाणी घ्या." तांब्या पुढं केला. मी घेतला नाही. मोबाइल काढून भिंतीचा फोटो त्यांच्या पुढं धरला आणि दोन महिन्यांचं सगळं बोललो. हौद, गढूळ पिशवी, दवाखाना, आपांचं स्वयंपाकघर. काय काय बोललो आता आठवत नाही. गोण्या पाठवू नका, माणूस पाठवा, असंही म्हणालो. त्यांची सून ओसरीवरून बघत होती.

त्यांनी फोटो लांब धरून बघितला. "एवढी ओल गेली?" एवढंच. चकित वगैरे झाले नाहीत.

मग म्हणाले, "बसा सर. तुमचा राग बरोबर आहे. पण एक सांगतो, ऐका. तो हौद भेग बुजवून नाही व्हायचा. मी बांधलाय, मला माहितीये. स्वयंपाकघर, मागची खोली, दोन्हीची फरशी फोडावी लागंल. हौद पूर्ण तोडून नवा. तीन-चार आठवडे धूळ. घर रिकामं केल्याशिवाय गवंड्याला हात लावता येत नाही. आता तुम्हाला कसं म्हणू, घर सोडा म्हणून? तुमच्या मंडळी आजारी. आम्ही पण माणसंच आहोत की. फोन ठेवला की वाटायचं, काही तरी पाठवावं. घरात काय, तर मोसंबी."

इतके दिवस मी ज्याला टाळाटाळ म्हणत होतो ती... काय म्हणायचं तिला? चूकच होती. सरळ सांगायला हवं होतं, प्रेरणाच्या जिवाशी गाठ होती. तेही मी म्हणालो त्यांना. "व्हय, चुकलंच," म्हणाले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण तुम्हाला बाहेर काढलं असतं तर?"

पाणी घेतलं मग. दोन तांबे प्यायलो.

ठरलं. आम्ही चार आठवडे दुसरीकडं जायचं, त्यांनी लगेच काम लावायचं. परत त्याच घरात, त्याच भाड्यात. शब्द दिला. निघालो तर त्यांनी गोणीकडं बोट दाखवलं आणि स्वतःच हसले. मीही हसलो. घेतली नाही मात्र!

३० एप्रिल

खोली शोधतोय. चार ठिकाणी बघितली. सगळं ठरतं, मग ते विचारतात, एवढी खोकी कसली? डायलिसिसची म्हटलं की चेहरा बदलतो. एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडं लहान लेकरं आहेत." संसर्गजन्य नाही म्हटलं, तरी. एकानं तर सरळ विचारलं, काही बरंवाईट झालं तर? तिकडं काकासाहेबांचा गवंडी पाच तारखेचा वायदा देऊन बसलाय. आता गवंडी आहे आणि घर नाही!

प्रेरणा म्हणते, मला चार आठवडे दवाखान्यात ठेवा. असं सहज म्हणाली, जसं काही माहेरीच ठेवायचंय.

३ मे, शनिवार

नूरभाई आले. बसले नाहीत. दारातूनच. "सुना है तुम खोली ढूंढ रहे." मी म्हटलं हो. "कायकू? हमारा सामनेका कमरा है ना. गजाला आतमध्ये झोपंल."

मी म्हटलं, नूरभाई, आधीच तुमचं स्वयंपाकघर... आता पुढची खोली पण घ्यायची आम्ही? "तो क्या हुआ? हौद हुआ तो दीवार सूखेगी. मेरा भी काम है उसमें." अशा आवाजात म्हणाले की जणू मी त्यांच्यावर मेहेरबानी करतोय!

या वेळी मी नको म्हटलं नाही. शिकलो. "येतो," म्हटलं. एकच शब्द, पण मार्चात हा निघाला असता तर प्रेरणा दवाखान्यात गेली नसती.

५ मे

गवंडी आला!!! त्याला म्हटलं, भाऊ, दोन दिवस थांब. आता मीच उशीर करतोय!

७ मे, बुधवार

राहायला आलो. खोकी डोक्यावर वाहिली, एका दारातून निघून दुसऱ्या दारात. मोजली पावलं, एकतीस. खोलीला आपांनी चुना दिलाय, पडदे धुतलेत, पंख्याची पाती पुसलीत, भिंतीत पिशवी टांगायला खिळा ठोकून तयार. "उंची बराबर है? भाभी, देखो." प्रेरणानं हात वर करून बघितलं. बरोबर होती. आमच्या घरचा खिळा मोजून गेल्या होत्या म्हणे, केव्हातरी.

पिशवी बदलताना दार बंद, पंखा बंद, कुणी आत यायचं नाही. मी सांगायच्या आधी गजालानं दारावर कागद चिकटवला. मराठीत आणि उर्दूत. मराठीतलं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

१६ मे

तिकडं धूळ, ठोकाठोकी. इकडं कूलर, नूरभाईंनी स्वतः बनवलेला, खोलीभर वाळ्याचा वास. प्रेरणा आणि आपा सकाळपासून बोलत असतात. कशावर, माहिती नाही. मी गेलो की गप्प होतात आणि हसतात. वजन अर्धा किलो वाढलंय तिचं. मॅडम म्हणाल्या, हे सुजेचं नाही, हे खाल्लेलं आहे! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

लई दिवसांनी झोप लागते मला.

२२ मे

फरशी बाकी आहे, पण नवा हौद झाला, काल भरला. पट्टी सोडली. चोवीस तासांनी परत सोडली. रेघ तिथंच.

काहीच गळत नाही. एक केसभरसुद्धा नाही!

२५ मे, रविवार

काकासाहेब काम बघायला आले. हौद बघितला, मग आपांची भिंत बघितली, गवंड्याला म्हणाले, इकडचा गिलावा पण आपल्याकडूनच. निघताना मला बाजूला घेतलं.

"सर, पाचोडला बोललो नाही, शब्द दिलेला. आता काम झालं, सांगतो. नूरभाई डिसेंबरातच आलते माझ्याकडं. भिंत ओली व्हायला लागलीय म्हणून. मी म्हटलं, उद्याच भाडेकरूला घर सोडायला सांगतो, महिन्यात हौद नवा करू. तर हा माणूस उभा राहिला. म्हणाला, नक्को. त्यांची बायको कालच ॲम्ब्युलन्समधून उतरलीय. आत्ता काढू नका, आम्ही थांबतो. अन् त्यांना कळू द्यायचं नाही."

आत गेलो. नूरभाई फरशीवर बसून कूलरचा पंप जोडत होते. विचारलं, तुम्ही डिसेंबरात पाचोडला गेला होता?

मान वर केली नाही. "हौ. गया था. दीवार का क्या, दीवार को बुखार थोडी चढता." मग स्क्रू निवडत, "पर तुम्हारा पानी चला जाएगा, ये ध्यान में नहीं आया. भाभी बीमार पडी. वो हमारी गलती हो गई, भाई."

गलती!

समोर बसलो. पंप दोन्ही हातांनी घट्ट धरला, त्यांनी स्क्रू आवळले.